रात्री विमानाची चावी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फ्लाइंग क्लबांचे मुख्य प्रशिक्षक, लहान विमाने भाड्याने देणारे मालक आणि रात्रीच्या उड्डाणाच्या मान्यतेवर सही करणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

एका इंजिनाचे लहान विमान रात्री खराब हवेत कोसळले की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. वर्ष-दीड वर्षाने अहवाल येतो. वैमानिकाला उपकरणांवर उडण्याचे मानांकन नव्हते, क्षितिज दिसेनासे झाले, विमान एका अंगावर कलंडून घिरट्या घेत खाली आले, एवढे त्याचे सार असते. दोष मृत वैमानिकाच्या नावावर जमा होतो. त्या संध्याकाळी कुणीतरी ती चावी हुकावरून काढून त्याच्या हातात दिली होती, हे अहवालात आलेच तर ओळीभर येते. आम्ही रात्रीचे उड्डाण शिकवणारे आणि या विमानांची इंजिने-उपकरणे दुरुस्त करणारे लोक आहोत, आणि हे पत्र त्या चावीबद्दल आहे.

मागणी एकच. रात्रीचे उड्डाण कागदावर व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून करायचे, असले तरी ते उपकरणांवरचे उड्डाण आहे असे धरून चावी द्या. ज्याने गेल्या सहा महिन्यांत प्रशिक्षकाला शेजारी बसवून, फक्त उपकरणांकडे बघून विमान सरळ ठेवून, वळवून आणि वेड्यावाकड्या स्थितीतून सावरून दाखवलेले नाही, त्याला रात्री सोडू नका. त्याच्या वहीत तास कितीही असोत.

आजचे नियम हे विचारत नाहीत. अमेरिकेत खाजगी परवान्यासाठी रात्रीचे ३ तास आणि उपकरणांचे ३ तास शिकावे लागतात. पुढे प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत रात्री ३ वेळा उडून, पूर्ण थांबून उतरलेले असले की झाले. युरोपात नाईट रेटिंग, म्हणजे रात्रीच्या उड्डाणाची मान्यता, ५ तासांत मिळते, त्यात किमान ३ तास प्रशिक्षकासोबत आणि ५ वेळा एकट्याने उड्डाण आणि उतरणे. कॅनडा मात्र नाईट रेटिंगला रात्रीचे १० तास आणि त्याशिवाय उपकरणांचे १० तास मागतो, आणि आमच्या मते ही आकडेवारी शहाणपणाची आहे. ९० दिवसांत तीनदा उतरणे म्हणजे दिव्यांनी उजळलेल्या धावपट्टीवर चाके टेकवता येतात, एवढाच पुरावा. अपघात होतो तो धावपट्टीच्या दिव्यांपलीकडे, खाली एकही दिवा नसलेल्या रानावर किंवा पाण्यावर.

व्हीएफआरचा सगळा पाया असा की वैमानिकाला ढग दिसतो, म्हणून तो ढगापासून अंतर राखतो. दिवसा हे खरे. अमावास्येच्या आसपासच्या रात्री ढग दिसत नाही, त्याच्या मागचे दिवे विझतात तेव्हा तो तिथे आहे असा अंदाज बांधावा लागतो, आणि मागे दिवेच नसतील तर अंदाजही बांधता येत नाही. जो ढग दिसतच नाही त्याच्यापासून ठरावीक अंतर राखा, असे सांगणारा नियम वैमानिकाला अशक्य काम सांगतो. ढग नसला तरी धुरकट हवा पुरते. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः चालवत असलेले पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात पडले, तेव्हा हवा व्हीएफआरच्या कायदेशीर मर्यादेत होती. वैमानिकाचे एकूण सुमारे ३१० तास झाले होते, त्यांतले सुमारे ५५ रात्रीचे. उपकरणांचे मानांकन नव्हते, त्याचे शिक्षण चालू होते. धुरकट हवेत, पाण्यावर, क्षितिज नसताना विमान उजवीकडे कलंडले आणि शेवटी त्याचा खाली येण्याचा वेग मिनिटाला ४,७०० फुटांच्या वर गेला होता. तपासाचा निष्कर्ष होता दिशाभ्रम. विमानात पंख सरळ ठेवू शकणारा ऑटोपायलट होता.

हा भ्रम कसा होतो ते तुम्ही वर्गात शिकवता, पण काउंटरवर बसल्यावर ते विसरले जाते, म्हणून पुन्हा मांडतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरले की द्रव मागे राहतो, त्यातले बारीक केस वाकतात आणि आपण फिरतो आहोत हे मेंदूला कळते. पण फिरणे फार हळू सुरू झाले, सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा कमी वेगवाढीने, तर केस वाकतच नाहीत. आणि वळण एकसारखे चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रव नळीच्या वेगाला येतो, केस पुन्हा ताठ होतात आणि विमान कलंडलेले असूनही शरीर ‘सरळ चाललोय’ असे सांगते. आता वैमानिकाने उपकरण बघून पंख सरळ केले, तर द्रव उलट ढकलला जातो आणि आपण दुसऱ्या बाजूला वळलो असे ठामपणे वाटते. तो ‘दुरुस्ती’ करतो, म्हणजे पुन्हा मूळ वळणात शिरतो.

पुढचे यंत्रशास्त्र आहे. कललेल्या पंखांची उचल तिरपी होते, नाक खाली जाते, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज वाढतो, उंचीमापकाचे काटे उलटे फिरू लागतात. आपण सरळ आहोत अशी खात्री असलेला माणूस योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, मागे ओढतो. पंख कललेले असताना योक ओढल्याने नाक वर येत नाही, वळण आवळते. ६० अंशांच्या कलावर पातळी राखायची तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल कोसळते तो, ४१ टक्क्यांनी वाढतो. नॉर्मल श्रेणीतली लहान विमाने ३.८ पट भारापर्यंतच्या मर्यादेसाठी बांधलेली असतात. वेगमापकावरच्या लाल रेषेच्या पुढच्या वेगात घाबरून ओढलेला योक ही मर्यादा काही क्षणांत ओलांडतो, मग जमिनीवर आदळण्याआधीच शेपूट किंवा पंख तुटतो. यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात.

सावरण्याचा क्रम प्रत्येकाला तोंडपाठ असतो, हाताला तो येतोच असे नाही. आधी थ्रॉटल मागे, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी. मग कृत्रिम क्षितिजाकडे, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणाकडे, बघून पंख सरळ, योक न ओढता. पंख सरळ झाल्यावर, आणि तेव्हाच, नाक हळू वर, कारण वाढलेल्या वेगामुळे विमान आपणहून नाक उचलू पाहते आणि त्याला थोडे दाबून धरावे लागते. दुसरी पायरी पहिल्या दोन सेकंदांत झाली पाहिजे. सहा महिने सराव नसलेला माणूस इथे क्रम उलटा करतो. आम्ही सहा महिने म्हणतो ते यासाठी.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यावर प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० विद्यार्थ्यांना खोट्या ढगात, म्हणजे बाहेरचे काही दिसू न देता, विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, १९ जण घिरट्यांत गेले आणि एकाचे विमान स्टॉल झाले. कुणाला २० सेकंद लागले, कुणाला ४८०. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. प्रयोगाचा उरलेला भाग फार कुणी सांगत नाही, आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे: त्याच विद्यार्थ्यांना थोड्या तासांची साधी पद्धत शिकवल्यावर जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते ढगातून मागे वळून सुखरूप बाहेर आले. पद्धतीचा गाभा असा की वेग कमी करून ठरलेल्या शक्तीवर आणि ट्रिमवर (हात न लावता विमान एका वेगाला धरणारी जुळणी) विमान स्थिर करायचे, योकवरचे हात काढायचे आणि वळण शेपटीवरच्या रडरने, हलक्या पायाने घ्यायचे. हात काढले की ओढण्याचा मोहच उरत नाही. एवढे शिकवायला एक शनिवार-रविवार पुरतो. ते नाईट रेटिंगच्या अभ्यासक्रमात सक्तीचे का नाही, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही.

सरावाच्या वेळी दोन गोष्टी सांभाळा. हूड, म्हणजे बाहेरचे दिसू न देणारी झापड, घालून दिवसा केलेला सराव खोटा असतो, कारण हूडच्या कडेने जमिनीचा तुकडा दिसतो, पंखावरचे ऊन सरकते आणि डोळा ते टिपतो. निदान निम्मा सराव रात्री, हूडसकट करा. दुसरे, विद्यार्थ्याला डोळे मिटून मान खाली घालायला सांगून विमान वेडेवाकडे करून देता, तेव्हा नेहमी जोरात वळवता. एखादवेळी ते इतके हळू कलंडवा की त्याला कळणारही नाही, मग डोळे उघडायला सांगा. खरा अपघात असाच सुरू होतो. नकाशा उलगडताना किंवा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलताना विमान हळूच कलते आणि कानाला त्याचा पत्ता लागत नाही.

रात्री ढगात शिरताना खुणा मिळतात, त्या शिकवायला हव्यात. सर्वांत आधी क्षितिजाजवळचे, लांबचे दिवे जातात, खालचे जवळचे दिवे अजून दिसत असतात, म्हणून वैमानिक निर्धास्त राहतो. मग दिव्यांभोवती वलय येते. मग पंखाच्या टोकाला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा उजेड पसरट दिसू लागतो, आणि स्ट्रोबचा, म्हणजे विमानावरच्या लखलखणाऱ्या दिव्याचा, प्रत्येक झोत समोरच्या भिंतीवर पडावा तसा परत येतो. हे दिसले म्हणजे ढगाच्या कडेवर पोचलोच. पहिल्या खुणेलाच मागे वळायचे. स्ट्रोब आणि लँडिंग लाइट बंद, नजर आत, सेकंदाला ३ अंशांचे वळण, घड्याळावर ६० सेकंद. १०० नॉट वेगाला त्यासाठी साधारण १५ ते १७ अंशांचा कल लागतो आणि वळणाची त्रिज्या सुमारे एक किलोमीटर भरते. ऑटोपायलट असेल तर दिशेचा निर्देशक मागच्या दिशेवर ठेवून त्यालाच वळू द्या. चावी देताना ‘ऑटोपायलट कसा लावायचा ते जमिनीवर करून दाखव’ असे म्हटल्यावर जो बटणे शोधू लागतो, त्याला अंधारात ती सापडणार नाहीत.

ढगात अडकल्यावर मौन धरणे हा दुसरा जीवघेणा भाग. परवान्यावर गदा येईल या भीतीने लोक रेडिओवर बोलत नाहीत. तुमच्या वर्गात हे वाक्य मोठ्याने म्हणून घ्या: “मी ढगात आहे, मला उपकरणांचे मानांकन नाही, मदत हवी.” जिच्यावर बोलणे चालू आहे त्या फ्रिक्वेन्सीवर, नाहीतर आपत्कालीन १२१.५ मेगाहर्ट्झवर, आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, संकटाचा आकडा ७७००. नियंत्रक वळणाची दिशा देतो, मोकळी हवा कुठे आहे ते सांगतो. ज्या क्लबात मदत मागितल्याबद्दल नंतर टोमणे ऐकावे लागतात, तिथे कुणी मदत मागत नाही.

आता हवेकडे. टॅफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज, धावपट्टीभोवतीच्या सुमारे ८ किलोमीटरच्या वर्तुळापुरता असतो. दोन विमानतळांमधल्या दीडशे मैलांबद्दल तो काहीच म्हणत नाही, आणि डोंगराची रांग, तळे, नदीचे खोरे नेमके त्या मधल्या भागात असते. काउंटरवर बहुतेक वेळा निघण्याच्या आणि पोचण्याच्या जागेचा मेटार, म्हणजे त्या वेळची हवामान नोंद, बघितला जातो, ‘दोन्हीकडे ठीक आहे’ म्हटले जाते. तापमान आणि दवबिंदू यांची एकेक जोडी बघून समाधान मानू नका, तीन-चार तासांची चाल बघा. सहाला १८ आणि १२, सातला १६ आणि १२, आठला १४ आणि १२ असेल तर नऊला दोन्ही १२ होणार हे गणित मूलही सांगेल, आणि वैमानिक पोचणार असतो साडेनऊला. वारा पडलेला, आकाश मोकळे, दिवसा पाऊस होऊन गेलेला, अशी रात्र बाहेरून सर्वांत सुंदर दिसते आणि धुके धरायला तिच्यासारखी दुसरी नाही. मोकळे आकाश बघून वैमानिक निघतो, धावपट्टीवर घोट्याएवढे धुके असते. वरून सरळ खाली बघताना दिवे स्वच्छ दिसतात, कारण नजर दहा-वीस फुटांच्या धुक्यातून जाते. उतरताना तिरकी नजर त्याच थरातून शेकडो फूट जाते, आणि शेवटच्या पन्नास फुटांत दिवे नाहीसे होतात.

आमच्या मते रात्रीच्या उड्डाणाची मान्यता असलेल्या पण उपकरणांचे पूर्ण रेटिंग नसलेल्या वैमानिकासाठी रात्रीचे किमान आकडे असे असावेत: वाटेवरच्या सर्वांत उंच अडथळ्यापासून ढगाचा तळ ३,००० फूट वर, दृश्यता १० किलोमीटर, पोचण्याच्या वेळी तापमान-दवबिंदूत किमान ४ अंशांचा फरक. वाटेच्या दोन्ही बाजूंना ५ मैलांतल्या सर्वांत उंच ठिकाणापेक्षा निदान १,००० फूट वर, डोंगराळ भागात २,००० फूट वर उडायचे, आणि तेवढी उंची राखून ढगाखाली जागा उरत नसेल तर उड्डाण नाही. इंधनाचा राखीव साठा अनेक ठिकाणी रात्रीसाठी ४५ मिनिटांचा ठरवलेला आहे, आम्ही पूर्ण एक तास म्हणतो, कारण धुके एका विमानतळावर धरले की शेजारच्यावरही धरत असते आणि दिवे चालू असलेला तिसरा विमानतळ लांब असतो. हे आकडे कायद्यापेक्षा कडक आहेत आणि भाड्याचे काही तास त्यांपायी बुडतील, हे आम्हाला माहीत आहे.

यंत्राची बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण ढगात अडकलेल्या माणसाला वाचवणारी उपकरणेच तिथे बिघडलेली निघतात. जुन्या लहान विमानांत कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांतले जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकत्या, व्हॅक्यूम पंपावर फिरतात. पंप कोरडा असतो, त्यातल्या कार्बनच्या पात्या झिजतात आणि एक दिवस काहीही सूचना न देता तुटतात. सक्शनचा काटा बहुतेक विमानांत ४.५ ते ५.५ इंच पाऱ्याच्या दरम्यान हवा. पंप गेल्यावर जायरो लगेच थांबत नाही, काही मिनिटे मंदावत राहतो आणि तेवढ्या वेळात कृत्रिम क्षितिज हळूहळू एका बाजूला झुकते. वैमानिक इमानदारीने त्या खोट्या क्षितिजाबरोबर विमान झुकवतो. उपाय म्हणजे दर मिनिटाला सक्शनचा काटा आणि विजेवर चालणारा, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर यांची क्षितिजाशी जुळणी, आणि शंका येताच बिघडलेल्या उपकरणावर झाकण. त्यासाठी रबरी चकत्या किंवा चिकटणारे कागद पॅनेलवरच ठेवा. पंपाच्या तासांची नोंद विमानाच्या वहीत शोधा. ती नसेल तर ते विमान रात्रीसाठी नाही.

अल्टरनेटर गेला तर रात्री दिवे, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर सगळे बॅटरीवर येते. १४ व्होल्टच्या व्यवस्थेत जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा लँडिंग लाइट एकटा सात-आठ अँपिअर खातो, पिटो हीट, म्हणजे वेगमापकाच्या नळीचा तापक, तोही जवळपास तेवढेच. बॅटरीवर अर्धा तास धरावा, जास्त नाही, आणि तोही अनावश्यक भार लगेच बंद केला तर. कमी व्होल्टेजचा दिवा जळालेला आहे की नाही हे चाचणीच्या बटणाने बघूनच चावी द्या. वैमानिकाजवळ दोन टॉर्च हव्यात, एक गळ्यात. फोनचा टॉर्च चालत नाही, तो डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावायला लागलेली तीस मिनिटे वाया जातात.

ज्या दमट हवेत धुके धरते तिथेच कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना आतले तापमान वीस अंशांनी आणि त्याहूनही जास्त पडू शकते, त्यामुळे बाहेर २० अंश असतानाही आत बर्फ तयार होतो. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात, वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतो, असे दोनदा-तीनदा होते. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढली की आधी इंजिन खडखडते, कारण वितळलेले पाणी त्यातून जाते. घाबरून ती परत बंद करणारे कितीतरी. ती तशीच पूर्ण ओढून ठेवायची, फेरे पुन्हा वाढेपर्यंत.

थंड रात्री हीटर लावला जातो, आणि बहुतेक लहान विमानांत तो एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून हवा तापवतो. नळीला केसाएवढी चीर गेली की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये. याला वास नसतो. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला नेणारे पायपर मालिबू विमान गर्न्सी बेटाच्या उत्तरेला समुद्रात पडले. त्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन ५८ टक्के होते, आणि ५० टक्क्यांच्या वरची पातळी निरोगी माणसालाही घातक ठरू शकते. वैमानिकाने त्याआधी ढग टाळण्यासाठी खाली येण्याची परवानगी मागितली होती. विमान रचनेच्या मर्यादेपेक्षा बऱ्याच जास्त वेगात हवेतच तुटले. ब्रिटिश तपास यंत्रणेने दोन्ही धागे नोंदवले: रात्री, उपकरणांची गरज असलेल्या हवेत, डोळ्यांवर उडणे, आणि विषारी वायू. पॅनेलवर चिकटवायची रंग बदलणारी चकती अंधारात कुणी बघत नाही, आणि ती जुनी झाली की रंगही बदलत नाही. आवाज करणारा विजेवरचा शोधक बसवा.

त्या अपघाताचा आणखी एक भाग तुमच्यासाठी आहे. वैमानिकाकडे खाजगी परवाना होता, नाईट रेटिंग नव्हते आणि त्या वर्गाच्या विमानाचे मानांकन आदल्या नोव्हेंबरात संपले होते. उड्डाण जुळवून देणारी व्यक्ती त्या विमानात नव्हती. २०२१ साली ब्रिटिश न्यायालयाने विमानाची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल त्या व्यक्तीला १८ महिन्यांची कैद सुनावली. चावी देणाऱ्याची जबाबदारी कायद्यानेही ओळखली जाऊ लागली आहे.

दबाव प्रवाशांकडून येतो, आणि तो नेहमी ओरडून येत नाही. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, अमेरिकेतल्या आयोवात गायक बडी हॉली आणि दोन साथीदारांना घेऊन निघालेले बीचक्राफ्ट बोनान्झा हिमवृष्टीत, विमानतळापासून सहा मैलांच्या आत पडले. वैमानिक २१ वर्षांचा होता, उपकरणांच्या चाचणीत आधी नापास झालेला. धोक्याच्या दोन हवामान सूचना निघाल्या होत्या, त्या त्याच्यापर्यंत पोचवल्या गेल्या नाहीत. त्या विमानातले क्षितिजाचे उपकरण नाक वर-खाली नेहमीच्या उलट पद्धतीने दाखवणारे होते. म्हणजे हवा कळली नाही, उपकरण अनोळखी, आणि मागे तीन प्रसिद्ध माणसे पुढच्या गावी वेळेत पोचण्याच्या घाईत. या तीनपैकी प्रत्येक गोष्ट काउंटरवर विचारून कळू शकते. या विमानात रात्री आधी उडला आहेस का, याच पॅनेलवर? हवा बघून किती वेळ झाला? उद्या सकाळी पोचलास तर काय बिघडते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा तुमच्याच भाडेपत्रकात असते. उशिरा परत आणलेल्या विमानाला दंड, रात्रभर बाहेर ठेवल्यास किमान इतक्या तासांचे भाडे, अशी कलमे घराची ओढ लागलेल्या माणसाला हवेत ढकलतात. हवेमुळे थांबलेल्या वैमानिकाला दंड नाही, असे एक वाक्य त्यात घाला आणि ते काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावा. दुसऱ्या दिवशी विमान आणायला प्रशिक्षक पाठवायचा खर्च क्लबने सोसावा. आम्ही सुचवतो आहोत त्यातले हे सर्वांत स्वस्त आहे.

आणि कितीही सांभाळले तरी एखादे विमान पडेल, म्हणून शोधाची तयारी हवी. आपत्कालीन लोकेटर, म्हणजे विमान पडल्यावर ठावठिकाण्याचा संकेत देणारे यंत्र, १२१.५ मेगाहर्ट्झचाच असेल तर त्याला उपग्रह ऐकत नाहीत. ते ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले आहे. ४०६ मेगाहर्ट्झचा बसवा, तो तुमच्या नावावर नोंदवा, नोंदीतला फोन नंबर रात्री उचलला जाणारा असू द्या. अँटेनाची तार बसवणीपासून तुटू नये म्हणून वायर ताणलेली ठेवू नका. खांद्याचे पट्टे सगळ्या सीटना हवेत, मागच्याही.

रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: ‘परत फिरण्याची जागा’. वाटेवरचे एक ठिकाण, तिथे पोचण्याची वेळ, आणि तिथे कुठले दिवे दिसत नसतील तर मागे वळायचे ते. वैमानिकाने आपल्या अक्षरात हे लिहीपर्यंत चावी हुकावरच राहू द्या.

आपले,
रात्रीचे उड्डाण शिकवणारे आणि विमानांची देखभाल करणारे सहकारी